मागे ढकलणारी बंदूक

खंडेनवमीच्या सकाळी पाळी गावातल्या आमच्या घरात दोन वास एकमेकांत मिसळून जात, उगाळलेल्या चंदनाचा आणि ग्रीसचा. आणि अजूनही आश्विनातल्या कोवळ्या उन्हात एखाद्या गॅरेजपाशी उभी राहिले, की माझं नाक आधी देवघर शोधू लागतं. बाबा लोखंडाच्या खाणीवर मशीन चालवायचे, डोंगराच्या कुशीत लोखंडी हात घालून माती उपसणारं अजस्र मशीन, आणि खंडेनवमीला पहाटेच उठून ते आपले पान्हे, हातोड्या, ग्रीसगन रॉकेलनं पुसून पाटावर ओळीनं मांडत. शेजारी आईचा आडाळा, म्हणजे विळी, आणि माझी कंपासपेटी. मग गंध, कुंकू, अक्षता, झेंडू, तीर्थाचे चार थेंब, आणि दुसऱ्या दिवशी दसरा उजाडेपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या हत्यारांना एक दिवस तरी कुणी कामाला जुंपू नये, हा त्यामागचा विचार मला आजही फार सुसंस्कृत वाटतो. मी तेरा वर्षांची असतानाच्या खंडेनवमीला त्या पाटावर, पान्ह्यांच्या रांगेत, कपाळी गंधाचं बोट उमटलेला माझा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेमही होता. तो तिथे मी ठेवलेला नव्हता.

तो मामानं आणला होता. मामा बोटीवर खलाशी; दीड-दोन वर्षांनी घरी यायचा तेव्हा कुणाला साबण, कुणाला चॉकलेटं, आणि त्या खेपेला मला कुठल्याशा दूरच्या बंदरातल्या जुन्या बाजारातून उचललेलं हे राखाडी खोकं. पाठीत चार पेन्सिल-सेल, पोटावर शेवाळी रंगाची काच, आणि डोक्यात खुपसलेली एकच एक कॅसेट, जिच्यावरच्या चित्राचा अर्धा कागद निघून गेलेला आणि उरलेल्या अर्ध्यावर जपानी अक्षरं. त्यामुळे खेळाचं नाव आम्हांला शेवटपर्यंत कळलं नाही. शिरस्त्राण घातलेलं एक इवलंसं माणूस कड्याकड्यांवरून धावे, उड्या मारी, समोरून येणाऱ्या यंत्रकिड्यांवर गोळ्या झाडी. मात्र त्याच्या बंदुकीला एक विचित्र खोड होती: गोळी सुटली की तो स्वतःच पाऊलभर मागे ढकलला जाई. कड्याच्या टोकावर उभं राहून दोन गोळ्या झाडल्या की गेलाच तो मागच्या दरीत. पहिला आठवडाभर मी त्या दरीत पडत होते आणि मामाला मनसोक्त शिव्या देत होते. कुणीतरी खराब माल त्याच्या गळ्यात मारला असणार, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

बाबा सावंतवाडीकडचे; खाणीच्या कामासाठी तरुणपणीच इकडे आलेले, पण बोलणं शेवटपर्यंत मालवणी. दुपारची पाळी नसली की संध्याकाळी पाचच्या सुमाराला ते घरी येत, तेव्हा त्यांच्या भुवया, पापण्या, मनगटावरचे केससुद्धा तांबूस झालेले असत. आंघोळ करून, चहात उंडा पाव बुडवून खाऊन ते सोप्यावर माझ्या मागे येऊन बसत, आणि खिडकीतून तिरकं येणारं ऊन त्या काचेवर पडू नये म्हणून न सांगता आपली पाठ त्या उन्हाला देत. तीन दिवस ते एक अक्षर न बोलता नुसते बघत राहिले. चौथ्या दिवशी म्हणाले,

"गो बाय, तो मागे जाता तां काय वायट नाय. उडी मारलंस की उलट्या अंगाक मार बघया."

'आता हे मला शिकवणार!' असं मनात म्हणत, केवळ त्यांची जिरवावी म्हणून मी तसं केलं. उडी मारली, हवेत असतानाच त्या माणसाचं तोंड मागे फिरवलं आणि गोळी झाडली. आणि अगो बाई! ज्या दरीत मी आठवडाभर लोळण घेत होते तिच्यावरून त्या धक्क्यानं तो अलगद पलीकडे जाऊन उभा राहिला. मी किंचाळले, आई स्वयंपाकघरातून हातातल्या डावासकट धावत आली. बाबा मात्र शांतपणे मला समजावत होते, की मशीनचा हात मातीनं भरला की सगळं धूड पुढे ओढलं जातं, नवखा माणूस घाबरून त्याच्याशी झगडायला जातो आणि मशीन उलटवतो. "वजन खय जाता तां बघूचा," ते म्हणाले, "तेच्या आडवा जावचा नाय."

त्या दिवसापासून तो खेळ आमच्या दोघांचा झाला. बाबांनी त्या खोक्याला कधी हात लावला नाही; त्यांच्या बोटांखाली ती बटणं दिसलीही नसती. मी खेळायची, ते बघायचे. खाणीत डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी कापत खाली उतरतात आणि त्या एकेका पायरीला बेंच म्हणतात, म्हणून आम्हीही खेळातल्या प्रत्येक टप्प्याला बेंच म्हणू लागलो. घरात पाऊल ठेवताठेवताच ते विचारत, "आज कितवी बेंच?" आणि आई कपाळावर हात मारी, "दिसभर थंय बेंची, घराक येवन परत बेंची! दोघांकय येड लागला हा." लागलंच होतं. श्रावणातल्या त्या ओल्या, काळोख्या संध्याकाळी, कौलांवरून पागोळ्यांची एकसुरी धार लागलेली, भिंतींना ओलीचा आंबूस वास, आणि माझ्या उजव्या खांद्याशी बाबांचा संथ श्वास, जो कड्याशी आलं की एक क्षण थांबे आणि पलीकडे पोचलं की सुटे. पुढच्या आयुष्यात मला पुष्कळ काही चांगलं मिळालं, मी कृतघ्न नाही. पण इतक्या भरवशाचं सुख मी परत अनुभवलेलं नाही.

खेळात एकदा पोचलेली जागा राखून ठेवायची सोय नव्हती. दर वेळी पहिल्या बेंचीपासून सुरुवात, आणि नवव्या-दहाव्या बेंचीला येईतो सेल माना टाकत. सेल साखळी गावच्या बाजाराशिवाय मिळत नसत. त्यावर आमच्याकडे जो सर्वमान्य उपाय होता तोच मीही करी: सेल उन्हात घालणे. बॅटरीचे सेल, रेडिओचे सेल, सगळ्या वाड्यातले मेलेले सेल दुपारी कुंपणाच्या गडग्याच्या तापलेल्या चिऱ्यांवर ओळीनं झोपलेले असत आणि संध्याकाळी थोडा वेळ खरोखरच जिवंत होत. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी माझे चारही सेल दुपारभर तिथे भाजून काढले आणि गरम गरमच खोक्यात भरून ठेवले. दहावी बेंच शेवटची असणार असा आमचा कयास होता, आणि सुट्टीच्या दिवशी ती सर करायचा बेत मी बाबांनाही सांगून ठेवला होता.

सकाळी बघते तर खोकं पाटावर. "ह्यां तुझा हत्यार मां?" बाबा म्हणाले, काहीसे लाजून, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. बापानं आपल्या पान्ह्यांच्या बरोबरीनं माझ्या खेळाला गंध लावावं, यापरता सन्मान तो कोणता! एक दिवस थांबणं जड गेलं, पण थांबले.

दसऱ्याच्या सकाळी खोकं सुरू होईना. फटीत कुंकवाची लाल रेघ ओली होऊन आत उतरलेली दिसत होती, कॅसेटवरचा उरलासुरला कागदही तीर्थानं फुगला होता. मी बटण दाबत राहिले, आपटून पाहिलं, आणि मग माझं टाळकं सरकलं. नेमके त्याच वेळी बाबांच्या खाणीतले तिघे सोबती सोनं द्यायला आले होते. सोप्यावर बसलेले, नवे सदरे घातलेले, हातात आपट्याची पानं. एकानं मायेनं विचारलं, "कितें जालें गो बाये?" त्यांच्या देखत मी बाबांना म्हणाले, "कोणी सांगल्यान तुमका हात लावक? तुमका काय कळता ह्यातला? खाणीतली माणसा तुमी. दगड फोडूचा सोडून काय कळता तुमका?"

माझी जीभ लहानपणापासूनच अशी, आडाळ्याच्या पात्याची. शाळेत ती वक्तृत्वाची बक्षिसं आणायची म्हणून कुणी तिला कधी आवर घातला नव्हता. तिघांपैकी एकाचा पानं धरलेला हात तसाच मध्ये राहिला होता. बाबांनी सगळ्यांना करंज्या दिल्या, खोकं उचलून आत नेलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या पाळीला निघून गेले.

चार दिवसांनी माझा राग गेला. पोरवयातल्या रागाला मुळं कुठली? पण बाबा माझ्या मागे येऊन बसले नाहीत ते नाहीतच. पुढच्या खंडेनवमीला पाटावर त्यांचे पान्हे होते, आईचा आडाळा होता, माझी कंपासपेटीसुद्धा नव्हती. विचारलं तर म्हणाले, "तुझा तू ठेव." दहावीनंतर कुठली शाखा घेऊ म्हटलं, तर "तुका कळता. तू बघ." शिक्षिकेची नोकरी मांद्र्याला लागली, इतकी दूर जाऊ का म्हटलं, तर तेच. लग्नाचं ठरत होतं तेव्हा आई रात्रंदिवस बोलत होती आणि बाबा दाराशी उभे राहून म्हणाले होते, "तिका कळता गो, तू कित्याक मधी पडतंस?" मैत्रिणींना मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, माझे वडील किती मोकळ्या विचारांचे आहेत बघा. पुढे पुढे तोच मोकळेपणा बोचू लागला, आणि त्याला मी मनातल्या मनात अलिप्तपणा असं नाव देऊन टाकलं. बाबांना माझ्यात रसच उरलेला नाही, असं मी नवऱ्यालाही एकदा रडून सांगितलं होतं.

आई गेली. खाणी बंद पडल्या. बाबा पाळीचं घर सोडायला तयार नाहीत. खड्ड्यात आता हिरवंगार पाणी साचलंय, बेंचींवर गवत माजलंय, आणि ते सोप्यावर बसून असतात. या गणेशचवथीच्या आधी घराची साफसफाई करायला गेले असताना त्यांच्या हत्यारांच्या ट्रंकेत, तेलकट फडक्यात गुंडाळलेलं ते खोकं मला सापडलं. मी ते गुपचूप पिशवीत घातलं आणि मांद्र्याला आणलं.

आमच्या घरामागच्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो, आणि त्यांतल्या एकीत दर हिवाळ्यात एक परदेशी म्हातारा येऊन राहतो, आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला, रिकाम्या हातांचा कंटाळा असलेला. दिवाळीनंतर तो आला तसं मी खोकं त्याच्यापुढे ठेवलं. तीन दिवस तो डोळ्याला भिंग लावून बसला होता. त्याच्याकडून मला एकेक गोष्ट कळत गेली. एक म्हणजे हा खेळ जगात जवळजवळ कुणाला ठाऊक नाही. त्यानं खूप शोधलं तेव्हा कुठे इंटरनेटवर कुण्या शौकिनाच्या चार ओळी सापडल्या, की त्या बंदुकीच्या मागे ढकलण्याला लोकांनी दोष मानलं, वैतागून खेळ बाजूला टाकला, आणि तो विस्मरणात गेला. हे ऐकलं तेव्हा समुद्राचा वारा सुरूंमधून सूं सूं करत येत होता आणि मी त्याच्या पायरीवर बसून होते. जगभरच्या शहाण्यांना जे उमगलं नाही, ते भुवयांवर लाल धूळ घेऊन घरी येणाऱ्या माझ्या बापाला तीन संध्याकाळींत उमगलं होतं. आणि त्याला मी काय कळतं म्हणून विचारलं होतं!

दुसरी गोष्ट अशी, की पाण्यानं त्या खेळाचं काहीही बिघडलेलं नव्हतं. सेल फुटून त्यांतल्या रसायनानं आतली तार खाल्ली होती. कुणीतरी फार पूर्वी ती जागा घासून साफही केली आहे, असं तो म्हणाला, पण त्या वाक्याकडे माझं लक्ष नव्हतं. मला एकदम हलकं वाटत होतं. बाबांचा दोष नव्हता! बिचारे तीस वर्षं मनाला लावून घेऊन बसले असतील, आपल्या पूजेनं पोरीची वस्तू गेली म्हणून, आणि त्या ओशाळेपणापायी माझ्यापासून दूर दूर राहिले असतील. सगळं कोडं एका फटक्यात सुटलं होतं. म्हाताऱ्यानं नवी तार जोडली, खोकं सुरू झालं, शेवाळी काचेवर ते इवलंसं माणूस धावू लागलं, आणि पुढच्या रविवारी मी सकाळीच गाडी काढली.

मार्गशीर्षातलं धुकं अस्नोड्यापर्यंत सोबतीला होतं. वाटेत पाववाल्या पोदेराकडून बाबांसाठी गरम उंडे घेतले. मी गाणी गुणगुणत होते, खोटं कशाला सांगू.

बाबा सोप्यावरच होते. मी खोकं त्यांच्या हातात दिलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं: पाण्यानं नव्हतं झालं, तुमच्यामुळे नव्हतं झालं, सेल फुटले होते, आता चालू आहे, बघा! त्यांनी बघितलं नाही. त्यांनी खोकं उलटं केलं, सेलांचं झाकण काढलं, आणि आतल्या स्प्रिंगेवरून हळूच नख फिरवलं.

"ही मीच घासलेली," ते म्हणाले. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिसाक वर्कशॉपात न्हेलंय. आमच्या इलेक्ट्रिशनान उघडल्यान. तो म्हणालो, पाणी खय नाय, सेल तापान फुटलेत."

मला नीट ऐकू आलं की नाही तेच कळेना. "म्हणजे तुमका ठावक होता? मगे माका सांगलास कित्याक नाय?"

"सेल गडग्यार तूच सुकत घातललंस. मी बघललंय." ते स्प्रिंगेकडेच बघत होते. "तां सांगलंय असतंय तर तू स्वताक खात रवलं असतंस. माझ्यार रागावलंस तर रागावलंस. बापाशीर रागावक काय जाता?"

कोंबडं कुठेतरी अवेळी आरवलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि जे विचारायचं धाडस मी इतक्या वर्षांत केलं नव्हतं ते विचारलं, की मग तुम्ही परत कधी माझ्यापाशी येऊन का नाही बसलात. त्यांनी झाकण बसवलं, ते नीट बसलं की नाही ते पाहिलं.

"तां येगळा, गो," ते म्हणाले. "तू म्हटलंस, दगड फोडूचा सोडून काय कळता. तां खोटा खय होता? तू शाळेत पयली येणारी. मी म्हटलंय, आता हिच्या मधी आपण जावचा नाय." आणि मग माझा चेहरा बघून असेल, त्यांना माझी दया आली असेल, ते हसले आणि म्हणाले, "आता खाण बंद झाली. आता माका थोडा कळाक लागला असतला!"

मीही हसले. काय करणार, सवयच आमच्या घरची तशी. विनोद झाला की हसायचं. मग मी चुलीवर पेज ठेवली, सुक्या बांगड्याची किसमूर केली, आम्ही जेवलो, शेजाऱ्यांच्या काजूच्या बागेबद्दल बोललो, त्यांच्या डोळ्यांत घालायच्या थेंबांच्या बाटल्या मी तारखेनुसार लावून दिल्या, आणि तीन वाजता निघाले. ते नेहमीसारखे पायरीपर्यंत आले, मशीन चालवणाऱ्या माणसाच्या सवयीनं माझ्या गाडीच्या चारही चाकांतली हवा नजरेनं तपासली, आणि सावकाश जा म्हणाले.

साखळी मागे पडली तरी माझ्या चेहऱ्यावरचं ते हसू तसंच होतं, हे मला आरशात दिसलं आणि मला स्वतःची शिसारी आली. मी काय घेऊन गेले होते त्यांच्याकडे? माफी. म्हणजे मागायला नव्हे, द्यायला! एखाद्या न्यायाधीशाच्या थाटात मी त्यांना निर्दोष ठरवून आले होते, आणि तेही ज्या गुन्ह्याचं त्यांना कधी ओझंच नव्हतं त्याबद्दल. तो गुन्हा माझा होता, त्यांनी तो तीस वर्षं मुकाट आपल्या अंगावर ठेवून घेतला होता. आणि जो घाव खरोखर बसला होता, त्याबद्दल आज विचारूनही, त्यांनी इतक्या साधेपणानं तो उघडा करून दाखवूनही, मी एक शब्द बोलले नव्हते. खोटं होतं ते बाबा, एवढंसुद्धा नाही. त्यांनी त्याचा विनोद केला आणि मी तो विनोद आनंदानं पदरात पाडून घेतला. ज्याला मी आधी मोकळेपणा आणि मग अलिप्तपणा म्हणत होते तो त्यांनी माझ्या एका वाक्याला दिलेला मान होता. मी पोरवयात बोललेलं त्यांनी खरं धरलं होतं, शब्दशः, आणि पुढचं सगळं आयुष्य त्याप्रमाणे वागून दाखवलं होतं.

डिचोलीचा बाजार लागायच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला एक वडाचं झाड आहे, तिथे मी गाडी थांबवली. उतरतं ऊन पानांतून बोनेटवर हलत होतं, मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत निघून गेला. वक्तृत्वाची सगळी बक्षिसं मिळवलेली ती जीभ टाळूला चिकटून बसली होती. बाबांना नेमकं काय सांगायचं, मालवणीत सांगायचं की कसं, आणि या वयात त्यांना ते ऐकायचं आहे का, यांतलं मला काहीच कळत नव्हतं, आणि कळत नाही हेसुद्धा मी बहुधा पहिल्यांदाच त्यांच्यापुढे कबूल करणार होते. दोन्ही बाजूंचा रस्ता मोकळा आहे ना ते पाहिलं आणि गाडी परत पाळीकडे वळवली. या खेपेला त्यांच्यासाठी नेण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.